दिल्ली ते काठमांडू: अंतर किती, विमानाला वेळ किती, आणि दिवस कुठे जातो

पहिल्यांदा नेपाळला निघालेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. काठमांडू किती लांब आहे? विमानाला किती वेळ लागतो? उत्तरं सोपी आहेत: हवाई अंतर साधारण ८१५ किलोमीटर आणि विमानाचा वेळ पावणेदोन तासांच्या आसपास. पण एवढ्या उत्तरावर बेत आखला तर गडबड होते. पावणेदोन तासांच्या या उड्डाणात अख्खा दिवस जातो. तो कुठे जातो हे आधी कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. म्हणून अंतरापासून हॉटेलच्या दारापर्यंत क्रमानं जाऊ.

पहिली पायरी: अंतर स्वतः काढून बघा

हे ऐच्छिक आहे, पण मला आवडतं. दिल्लीचा विमानतळ साधारण २८.५७ अंश उत्तर, ७७.१० अंश पूर्व, काठमांडूचा २७.७० उत्तर, ८५.३६ पूर्व. म्हणजे काठमांडू दिल्लीच्या उत्तरेला आहे हा आपला समज चूक. ते जवळजवळ सरळ पूर्वेला आहे, उलट किंचित दक्षिणेलाच. हिमालय म्हटलं की आपण डोक्यात आपोआप वर सरकतो, त्याचा हा परिणाम.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावं तसा आक्रसत जातो आणि २८ अंशांवर तो सुमारे ९८ किलोमीटरचा उरतो. दोन्ही शहरांच्या रेखांशांत फरक ८.२६ अंशांचा, म्हणजे पूर्वेकडे साधारण ८१० किलोमीटर. अक्षांशातला फरक ०.८७ अंशाचा, म्हणजे दक्षिणेकडे सुमारे ९७ किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस काढा: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर ८१५ च्या आसपास येतं. एवढ्या अंतराला पृथ्वीची गोलाई फारसा फरक पाडत नाही, त्यामुळे कागद-पेन्सिल पुरते.

मुंबईहून थेट जाणाऱ्यांसाठी: मुंबई ते काठमांडू हवाई अंतर १६०० किलोमीटरच्या जरा आत आहे. थेट विमानाला अडीच ते तीन तास धरा. दिल्लीमार्गे गेलात तर आधी मुंबई-दिल्ली साधारण ११४० आणि मग ८१५, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरचा वळसा. पण वळशाचे किलोमीटर खरा वेळ खात नाहीत, दिल्लीत काढावे लागणारे तास खातात. त्याबद्दल पुढे.

रस्त्यानं अंतर वेगळंच निघतं. गोरखपूर, सीमेवरचं सोनौली, पलीकडचं भैरहवा करत गेलं तर ११०० किलोमीटरच्या वर. नोव्हेंबर २०१४ मध्ये दिल्ली-काठमांडू थेट बससेवा सुरू झाली. या मार्गावर बसला एक दिवस आणि वर काही तास सहज लागतात. सोनौली ते काठमांडू हा शेवटचा टप्पा नकाशावर पावणेतीनशे किलोमीटरचाही दिसत नाही, पण घाटरस्ता, ट्रकच्या रांगा आणि पावसाळ्यातल्या दरडी यांच्यापुढे किलोमीटर मोजण्यात अर्थ नसतो. रेल्वे काठमांडूपर्यंत जात नाही. गोरखपूर किंवा रक्सौलपर्यंत गाडी, पुढे रस्ता.

दुसरी पायरी: तिकिटावरची वेळ वाचायला शिका

नवखा माणूस हमखास इथे फसतो. तिकिटावरची सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, ते पावणेसहा तास.

हा पाव तास कुठून आला? आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून ८२.५ गुणिले चार म्हणजे ३३० मिनिटं, साडेपाच तास. नेपाळनं गौरीशंकर शिखराजवळून जाणारा ८६ अंश १५ मिनिटांचा रेखांश धरला. ८६.२५ गुणिले चार म्हणजे ३४५ मिनिटं, पावणेसहा तास. १९८६ पासून नेपाळ या वेळेवर चालतो. त्याआधी त्यांचं आणि आपलं घड्याळ एकच होतं.

आता तिकीट वाचू. उदाहरणादाखल दोन वेळा घेतो. जाताना दिल्लीहून १०:२०, काठमांडूला १२:२०. बघताक्षणी वाटतं दोन तास. पण १२:२० ही नेपाळी वेळ आहे, आपल्या घड्याळात तेव्हा १२:०५ वाजलेले असतात. म्हणजे खरा वेळ १ तास ४५ मिनिटं. येताना काठमांडूहून १३:२०, दिल्लीला १५:००. वाटतं एक तास चाळीस. पण सुटलं तेव्हा आपल्याकडे १३:०५ झाले होते, म्हणून खरा वेळ १ तास ५५ मिनिटं. तिकिटावर परतीचा प्रवास झटपट दिसतो आणि प्रत्यक्षात तोच जास्त लांबतो. नियम एवढाच: जाताना १५ मिनिटं वजा करा, येताना १५ मिळवा.

मोबाइल नेटवर्क मिळालं की फोन आपोआप वेळ बदलतो. पण भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू नसेल तर तिथे नेटवर्क मिळत नाही आणि फोन भारतीय वेळच दाखवत राहतो. परतीच्या दिवशी अशा फोनवर विसंबलात तर १५ मिनिटं उशिरा पोहोचाल. विमानतळावर १५ मिनिटं म्हणजे थोडी नव्हेत. उतरल्या उतरल्या घड्याळ हातानं पुढे करा.

तिसरी पायरी: पावणेदोन तासांत नक्की काय काय होतं

या मार्गावर बहुतेक वेळा एका मार्गिकेची, म्हणजे सहा-सहा आसनांच्या रांगांची मध्यम विमानं असतात. उंचीवर स्थिरावल्यावर त्यांचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या हिशेबानं ८१५ किलोमीटर तासाभरात संपायला हवेत. मग उरलेला पाऊण तास कशाचा?

कंपनी जो वेळ छापते तो विमान दारातून मागे ढकललं जातं तेव्हापासून दुसऱ्या दारात थांबेपर्यंतचा. दिल्लीत धावपट्टीपर्यंत जायला १५-२० मिनिटं सहज जातात. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. शिवाय विमान नकाशावरच्या सरळ रेषेत जात नाही, त्याला ठरलेल्या हवाई मार्गांनी जावं लागतं. भारताच्या बाजूनं येणारी बहुतेक विमानं तराईतल्या सिमराच्या बाजूनं नेपाळच्या हद्दीत शिरतात. पश्चिमेकडून आणखी प्रवेशमार्ग मिळावेत अशी नेपाळची भारताकडे जुनी मागणी आहे. तो थोडा वळसा आपल्या वेळेतच मोजला जातो.

दुसरा भाग वाऱ्याचा. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारा वाहतो. समजा तो ताशी १०० किलोमीटरचा आहे. जाताना तो पाठीशी, म्हणजे जमिनीच्या मानानं वेग ९३०. येताना तो समोरून, वेग ७३०. वरच्या साधारण ५०० किलोमीटरच्या टप्प्याला जाताना ३२ मिनिटं, येताना ४१. परतीच्या खऱ्या वेळेत जास्तीची दहाएक मिनिटं लागतात, त्यांचं मुख्य कारण हेच.

आणि तिसरा भाग, जो तिकिटावर कुठेच लिहिलेला नसतो: काठमांडूवरच्या घिरट्या. त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच. लहान देशांतर्गत विमानं, डोंगरात जाणारी विमानं आणि मोठी आंतरराष्ट्रीय विमानं, सगळी तिच्यावरच. दरी चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेली, त्यामुळे वैमानिकाला नेहमीच्या तीन अंशांपेक्षा बराच तीव्र उतार धरून खाली यावं लागतं, आणि दोन विमानांत अंतरही जास्त ठेवावं लागतं. मग वैमानिक सांगतो, आपल्याला थोडं थांबावं लागेल. खिडकीतून तीच टेकडी दुसऱ्यांदा दिसली की समजावं. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. दुपारच्या गर्दीत पाऊण तासही होतो. इंधन कमी होऊ लागलं की विमान लखनौ, वाराणसी किंवा कोलकात्याला वळवतात, तिथे इंधन भरून परत येतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. डोंगरात घाई न करणारा वैमानिक मला तरी हवाच असतो.

चौथी पायरी: कोणत्या महिन्यात कोणत्या वेळेचं विमान

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत पहाटे धुकं असतं आणि काठमांडूच्या दरीतही असतं. दिल्लीकडे दाट धुक्यात विमान उतरवण्याची यंत्रणा आहे. काठमांडूला डोंगरांमुळे ती तशी बसवता येत नाही, म्हणून तिथे धुकं विरेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो. या दोन महिन्यांत पहाटेचं विमान स्वस्त दिसलं तरी मी घेत नाही. अकरा ते दोनच्या दरम्यान सुटणारं बघतो.

मार्च ते मे या काळात जंगलातल्या वणव्यांचा धूर दरीत साठतो आणि काही दिवस समोरचं दिसेनासं होतं. जून ते सप्टेंबर पाऊस. तेव्हा दुपारनंतर ढग वाढतात, म्हणून पावसाळ्यात सकाळचं विमान बरं. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात निर्धास्त. आकाश स्वच्छ, पण तिकिटंही तेव्हाच महाग, आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास नेपाळी लोक घरी निघालेले असतात. तेव्हा तिकीट बरंच आधी काढा.

दिवसातलं शेवटचं विमान कोणत्याच ऋतूत घेऊ नका. ते वळवलं गेलं तर रात्र भलत्याच शहरात जाते.

पाचवी पायरी: कागदपत्रं, आणि आमच्या मावशीची गोष्ट

भारतीय नागरिकाला नेपाळचा व्हिसा लागत नाही. त्यामुळे अनेकांचा समज होतो की हा प्रवास दिल्ली-लखनौसारखाच आहे. विमानानं जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, या दोनपैकी एक लागतं. मूळ कागद लागतो; फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. प्रौढ माणसाला आधार कार्डावर जाता येत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्यांना मात्र आधारसारखं फोटो असलेलं ओळखपत्र चालतं.

हे मला पाठ आहे, कारण आमच्या मावशीला त्याची किंमत मोजावी लागली. मावशी तेव्हा एकसष्टची. काकांचं वय सदुसष्ट, ते आधारवर आरामात गेले. त्यांना चाललं म्हणून मावशीलाही चालेल, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, ‘मॅडम, वोटर कार्ड या पासपोर्ट?’ मावशीचं मतदार ओळखपत्र साताऱ्यात कपाटात, साड्यांच्या खाली. भाच्यानं फोटो पाठवला, पण उपयोग झाला नाही. काका पुढे गेले, मावशी दिल्लीत नातेवाइकांकडे राहिली आणि तिसऱ्या दिवशी कार्ड कुरिअरनं आल्यावर निघाली. चूक काउंटरची अजिबात नव्हती, आमची होती. तेव्हापासून घरात कुणीही नेपाळ म्हटलं की मावशी पहिला प्रश्न विचारते, ‘कार्ड कुठंय?’

एक बारीक गोष्ट: ओळखपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. लग्नाआधीचं आडनाव कार्डावर आणि नंतरचं तिकिटावर, अशी खिचडी आपल्याकडे नेहमी होते. तिकीट काढताना कार्ड समोर ठेवा.

सहावी पायरी: दिल्लीतले तास

हे उड्डाण आंतरराष्ट्रीय आहे. त्यामुळे इमिग्रेशनची रांग आहे आणि सामान देण्याचा काउंटर सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो. तीन तास आधी पोहोचा, असं सगळे सांगतात आणि इथे ते खरं आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणं टर्मिनल ३ वरून सुटतात. नवी दिल्ली स्टेशनवरून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोनं तिथे वीसेक मिनिटांत पोहोचता येतं. दिल्लीच्या वाहतुकीत टॅक्सीवर विसंबण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

मुंबई, पुणे, नागपूरहून दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी टर्मिनल आधी नीट बघावं. तुमचं देशांतर्गत विमान टर्मिनल १ वर उतरलं तर ३ पर्यंत रस्त्यानं जावं लागतं. तो चालत जाण्यासारखा भाग नव्हे. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर सामान बहुधा थेट काठमांडूला जातं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीनं बघायची असते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सामान दिल्लीत उचलायचं, पुन्हा द्यायचं, आणि उशीर झाला तर दुसरं तिकीट गेलं. वेगळ्या तिकिटांत चार-साडेचार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. हजार-दीड हजार वाचवून सगळं तिकीट घालवलेले लोक मी बघितले आहेत.

सातवी पायरी: डावीकडची खिडकी

चेक-इन करताना डावी खिडकी मागा, पंखापासून लांब. विमान पूर्वेला चाललेलं असतं, त्यामुळे उत्तर डाव्या हाताला. उड्डाणाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात ढगांच्या वर एक पांढरी ओळ दिसू लागते. सुरुवातीला ढगच वाटतात. मग लक्षात येतं की बाकीचे ढग सरकतायत आणि ही ओळ जागची हलत नाही. ८१६७ मीटरचं धौलागिरी आधी येतं, मग ८०९१ चं अन्नपूर्णा, मग ८१६३ चं मनास्लू. विमान उतरायला लागलं की शिखरं वर चढल्यासारखी वाटतात, आणि शेवटी महाभारत पर्वतरांग ओलांडताना खालच्या टेकड्यांवरची एकेक घरं आणि पायऱ्यांची शेतं दिसतात. तेव्हा फोन खाली ठेवून नुसतं बघावं, असं माझं मत.

आठवी पायरी: उतरल्यावर

त्रिभुवन विमानतळ समुद्रसपाटीपासून १३३८ मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरच्या उंचीवर. नुसतं उतरून कुणाला दम लागत नाही. थंडी मात्र संध्याकाळी जाणवते. व्हिसाची रांग आपली नव्हे, ती इतर देशांच्या प्रवाशांची. कोणती रांग कशाची हे फलक बघून ठरवा, नाहीतर पुढचा माणूस उभा आहे म्हणून आपणही अर्धा तास उभे राहतो. सामानाचा पट्टा सावकाश चालतो. गर्दीच्या वेळी विमान थांबल्यापासून बाहेर पडायला एक तास धरा.

पर्यटक जिथे राहतात तो ठमेल भाग विमानतळापासून पाच-सहा किलोमीटरवर. रस्ता मोकळा असेल तर वीस मिनिटं, संध्याकाळी तासभरही. बाहेर प्रीपेड टॅक्सीचा काउंटर आहे. भाडं नेपाळी रुपयांत सांगतायत की भारतीय, हे गाडीत बसण्याआधी विचारा: १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे, आणि ‘आठशे’ या एका शब्दात तीनशे रुपयांचा फरक लपू शकतो.

आता बेरीज करा. दिल्लीतल्या मुक्कामापासून विमानतळापर्यंत एक तास, विमानतळावर तीन, विमान पावणेदोन, घिरट्यांसाठी अर्धा, बाहेर पडायला एक, ठमेलपर्यंत पाऊण. आठ तास झाले. सकाळी सातला दिल्लीत घराबाहेर पडलेला माणूस नेपाळी वेळेनुसार सव्वातीनला खोलीत पोहोचतो. त्या दिवशी पशुपतिनाथाची संध्याकाळची आरती गाठता येते, कारण देऊळ विमानतळाच्या अगदी जवळ आहे. त्याच दिवशी पोखऱ्याची बस पकडायचा बेत मात्र करू नका.

परतताना

येताना खिडकी उजवीकडची घ्या. काठमांडूहूनही विमान उशिरा सुटणं नेहमीचंच, कारण सकाळी उशिरा आलेलं विमानच बहुधा परत निघतं. दिल्लीहून पुढे मुंबई किंवा पुण्याचं विमान असेल तर मध्ये पाच तास ठेवा. शक्य असेल तर रात्र दिल्लीत काढून सकाळी निघा. आणि विमानतळाकडे निघताना घड्याळ नेपाळचंच ठेवा. १५ मिनिटं मागे करायची ती विमानात बसल्यावर.